उघाडीची फळी

बाळाजी साहेबांनी माझी जमीन काढून घेतली आणि वर माझ्या हातावर पेढा ठेवला. तो पेढा मी खाल्ला. या गोष्टीला चार वर्षं झाली, पण पेढ्याची आठवण आली की आजही माझं डोकं फिरतं.

जमीन म्हणजे काही शेतवाडी नव्हे. वीस पावलं लांब आणि दहा पावलं रुंद असा एक तुकडा, सतरा नंबरचा. इथं बहरीनमध्ये, हिद्द गावाच्या पुढं, समुद्राच्या काठाला ओसाड पट्टा पडून होता. १९७९ साली बलदियेनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, त्या पट्ट्याचे तुकडे पाडले आणि जाहीर केलं की इथं राहणाऱ्या कुटुंबांनी अर्ज करावेत आणि घरापुरती भाजी पिकवावी. कागद एका वर्षाचा, दर जानेवारीत नवा. विहिरीचं पाणी आठवड्यातून दोन दिवस. बहरीनी लोकांचे तुकडे पलीकडे खजुरीच्या बागेला लागून होते. आपल्या भारतीय लोकांसाठी चोवीस वेगळे काढले होते. एकेका माणसाशी बोलत बसायला बलदियेला वेळ नव्हता, म्हणून नावांची यादी करायचं काम आमच्या मराठी मंडळाकडं आलं. आणि मंडळ म्हणजे बाळाजी साहेब. ते बाब अल बहरीनजवळच्या एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते आणि मंडळाचे सेक्रेटरी होते. बोलणं इतकं गोड की समोरच्याला वाटावं, आपलंच काम चाललंय.

यादी कशी झाली ते सांगायला नको. एक ते सोळा नंबर विहिरीला लागून. ते बँकवाले, कंपनीतले इंजिनियर, सनाबिसला मोठाल्या घरांत राहणारे, यांना मिळाले. सतरा ते चोवीस समुद्राच्या कडेला, जिथं उधाणाला पाणी चढायचं आणि माती चाखली तर मीठच लागायचं. ते आम्हांला. आम्ही म्हणजे ड्रायव्हर, स्वयंपाकी, सुतार. माझा नवरा रावजी पाण्याचा टँकर चालवतो. अठरा नंबर मिळाला खदिजाला. ती म्हसळ्याची, तिचा नवरा गनी मुहर्रकला लाकडी होड्या दुरुस्त करणारा सुतार. आम्ही हिद्दमध्ये एकाच जुन्या घरात समोरासमोरच्या खोल्यांत राहायचो. रावजीनं आमच्या नावाबरोबर त्यांचंही नाव घातलं होतं.

"काठावरची जमीन म्हणजे सी व्ह्यू आहे तुम्हांला," बाळाजी साहेब कागद देताना म्हणाले आणि हसले. रावजीही हसला. रावजी भला माणूस आहे. त्याच्या भलेपणाचा मला कधीकधी वीट येतो.

पण साहेबांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. मी पेणच्या खारेपाटातली. माझ्या बापाचा आणि आज्याचा जन्म खाऱ्या जमिनीशी झगडण्यात गेला. खारी जमीन दिसली की लोक नाक मुरडतात, आम्ही पदर खोचतो.

खाऱ्या जमिनीला नुसतं पाणी पाजून भागत नाही. मीठ खाली जातं आणि उन्हानं परत वर येतं. त्याला बाहेर जायला वाट करून द्यावी लागते. आधी समुद्राच्या बाजूला चिखलाचा बांध घालायचा. मग वाफ्यांच्या मधून मांडीइतका खोल चर खणायचा आणि तो बांधाला भोक पाडून समुद्राकडं काढायचा. त्या भोकाला दार बसवायचं, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. ओहोटीला दार उघडलं की मिठाचं पाणी बाहेर जातं. भरतीला बंद केलं की समुद्र आत येत नाही. असं वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं करायचं. जमीन गोडी व्हायला घाई चालत नाही.

आणि हे एकट्यानं होत नाही. आमच्याकडं त्याला जोळ म्हणतात. घरटी एक माणूस बांधावर आलाच पाहिजे. बांध फुटला अशी हाक आली, की ज्याच्याशी कोर्टकज्जे चालू आहेत त्याच्याही शेतासाठी धावायचं. माझ्या सासऱ्यांचं चुलतभावाशी बारा वर्षं बोलणं नव्हतं, तरी त्याच्या बांधाला खांड पडली तेव्हा चिखलाची पाटी येईपर्यंत ते छातीभर पाण्यात त्या खांडीत उभे राहिले. बाहेर आले, पाय धुतले आणि न बोलता घरी गेले.

आठ घरांची जोळ मीच बांधली. शुक्रवारी सुट्टी, तेव्हा सगळे बांधावर. कोणी मलबारी होता, कोणी रत्नागिरीचा, कोणी साताऱ्याकडचा ज्यानं समुद्रच इथं येऊन पाहिला. खदिजा तर माझ्याहून तिखट. पाटी उचलायला पुरुष मागंपुढं करायला लागले की ओरडायची, "यल्ला, यल्ला! बायका दमल्या नाय, तुमी कसे दमलात?" खजुरीच्या झावळ्या चिखलात दाबून आम्ही बांध उभा केला. उघाडीची फळी गनीनं केली. मोडीत निघालेल्या एका होडीचं सागवान होतं, हातभर रुंद, दोन बोटं जाड. बांधाच्या भोकात त्यानं दोन खांब रोवले, खांबांना खाचा पाडल्या आणि फळी त्या खाचांतून वर-खाली सरकेल अशी बसवली. रावजीनं लाकूड टँकरवर घालून आणलं. फळीवर नाव कोणाचंच नव्हतं.

फळीची पाळी मी आणि खदिजानं वाटून घेतली, एक आठवडा तिचा, एक माझा. भरतीची वेळ आम्ही तिथीवरून धरायचो. गावच्या हिशोबात आणि इथल्या हिशोबात काही तासांचा फरक होता, तो आम्ही एका काठीवर खुणा करून बसवला. अष्टमीला भांग, म्हणजे लहान भरती, पाणी जेमतेम बांधाला शिवायचं. पुनव-अमावास्येला उधाण. खदिजाच्या घरी चांद बघायचे, माझ्या घरी पंचांग होतं, आणि दोघींचा हिशोब जुळायचा.

पहिल्या वर्षी नुसता पालक आणि थोडं बीट आलं. दुसऱ्या वर्षी मुळा, माठ, चवळी. तिसऱ्या वर्षी मी पांढरा कांदा लावला. आईनं सुट्टीत बियांची पुरचुंडी दिली होती. पांढरा कांदा लबाड असतो, त्याला मिठाचा वास लागला तरी फुगत नाही. आमचा कांदा मुठीएवढा झाला. मी पहिला कांदा मातीतून उपटला तेव्हा खदिजानं तो माझ्या हातातून घेतला, ओढणीला पुसला आणि तिथंच दातांनी फोडून खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं तरी खातच होती. म्हणाली, "गोड हाय गो."

आणि विहिरीजवळचे सोळा? तिथं कोणी हिरवळ लावली, कोणी झेंडू, कोणी पोरांसाठी झोपाळा टांगला. पाण्याच्या दोन्ही दिवशी पाइप दिवसभर सोडून ठेवायचे. चर कोणी खणला नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात मीठ वर आलं. सगळी जमीन पिठी साखर भुरभुरल्यासारखी पांढरी. झेंडू जळाले. मी एकदा बाळाजी साहेबांच्या माळ्याला सांगायला गेले होते, की बाबा, नुसतं पाणी देऊ नको, चर काढ. साहेबांची बायको, सत्यवतीबाई, खुर्चीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "अहो, बागेत गटार कशाला?"

मी परत आले. नंतर कधी सांगायला गेले नाही.

डिसेंबर १९८२ मध्ये मंडळाची सभा झाली. साहेब उभे राहिले. म्हणाले, "काही सभासदांची तक्रार आहे की काठाकडचे प्लॉट चांगले निघाले आणि आपले खराब. तीन वर्षं त्याच लोकांनी चांगली जमीन वापरावी, हे काही न्यायाचं नाही. सगळ्यांना समान संधी हवी. तेव्हा यंदा फेरवाटप. चिठ्ठ्या टाकू."

चांगले निघाले! जमीन काय लॉटरीत निघते? माझ्या हातांना घट्टे पडले होते, खदिजाच्या पायात काच शिरून महिनाभर ती लंगडत होती, साताऱ्याच्या माणसाची पाठ धरली होती. आणि हे म्हणतात, निघाले.

मी उभी राहिले. बायकांनी सभेत बोलायची पद्धत नव्हती, रावजीनं माझा पदर ओढला. मी म्हटलं, "साहेब, ती जमीन चांगली नव्हती. आमी केली."

"अगदी बरोबर, मंगलाबाई," साहेब म्हणाले, "आणि त्याबद्दल मंडळ तुमचं कौतुक करतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजल्यावर माणसानं खाली बसायचं असतं, तशी मी बसले.

चिठ्ठ्या एका डब्यात होत्या. डबा साहेबांच्याच हातात. काठाचे आठ तुकडे, त्यातले सहा सनाबिसला गेले. साताऱ्याच्या माणसाचा, चराच्या पार दूरच्या टोकाचा चोवीस त्याच्याकडं राहिला आणि खदिजाचा अठरा तिच्याकडं. तेवढं दाखवायला हवंच होतं. माझा सतरा सत्यवतीबाईंना. मला त्यांचा तीन नंबर, झोपाळ्यासकट.

सभा संपल्यावर मी साहेबांना गाठलं. मी म्हटलं, "जमीन घ्या. पण कांद्याच्या तीन ओळी बियांसाठी लावल्यात. आईच्या बियांचा कांदा हाय. दांडे येतील, फुलं येतील, चैत्रात बी झडेल. तेवढ्या तीन ओळी मला चैत्रापर्यंत ठेवा. बी घेईन आणि परत पाय ठेवणार नाय."

"एकदा ताबा गेला की गेला, मंगलाबाई. नियम सगळ्यांना सारखे. पण मिसेसना सांगतो, तुमचे कांदे उपटणार नाहीत." आणि त्यांनी बाजूच्या ताटातला पेढा उचलून माझ्या हातावर ठेवला. त्यांच्या मुलाला कुठंतरी ॲडमिशन मिळाली होती.

रावजी म्हणाला, "बलदियेत जाऊ." गेलो. तिथला मुकादम म्हातारा होता, स्वतः बागवान. आमचा बांध बघायला मुद्दाम तीनदा आला होता. त्यानं कागद पाहिला, डोकं हलवलं. यादी तुमच्या मंडळाची, सही तुमच्या सेक्रेटरीची, मी काय करू. खलास. त्याला वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. पण त्याच्या वाईट वाटण्याचं मी काय लोणचं घालणार होते?

तीन नंबरात मी कुदळ मारली. वर मीठ, खाली दगड. चर काढायला जागा नाही, समुद्र लांब. मी रोज जायची, वरची पांढरी माती खरवडायची, झोपाळ्यावर बसायची आणि माझ्या सतराकडं बघायची. फळीची पाळी मात्र सोडली नाही. नव्या सहा जणांना उघाडी काय असते तेच माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं, काठाची जमीन आपोआप गोडी राहते. चर एकच होता, फळी एकच, आणि खदिजाचा अठरा त्याच चरावर होता. तेव्हा एक आठवडा ती, एक आठवडा मी, पूर्वीसारखंच.

"तू कशाला मरतंस?" रावजी म्हणायचा. "त्यांची जमीन, ते बघतील."

मी म्हणायची, "खदिजा हाय ना तिथं."

हे मी माझ्याच तोंडानं म्हणत होते. ते लक्षात ठेवा.

फेब्रुवारीत कांद्याला दांडे आले, दांड्यांवर पांढरे गेंद. बी धरायला अजून महिना-दीड महिना होता. तेवढ्यात सत्यवतीबाईंचं आमंत्रण आलं. हळदीकुंकू. रथसप्तमी होऊन गेली होती, पण इथं सगळे सण शुक्रवारी येतात. शुक्रवार आला तो नेमका पौर्णिमेचा. आणि हळदीकुंकू घरी नव्हे, 'आमच्या बागेत', म्हणजे सतरा नंबरात.

मला जायचं नव्हतं. रावजी म्हणाला, नाय गेलीस तर दिसेल. म्हणून गेले. आठवडा माझ्या पाळीचा होता, त्यामुळं फळीकडं जायचंच होतं.

वाफ्यांवर सतरंज्या अंथरल्या होत्या. माझ्या चवळीच्या वाफ्यावर चपलांचा ढीग. चाळीस-पन्नास बायका, भरजरी साड्या, अत्तर. खदिजाच्या अठरामध्येही दोघीतिघी उभ्या होत्या, पायाखाली मेथी. खदिजाला आमंत्रण नव्हतंच, कसं असणार. मधोमध टेबल, टेबलावर तिळगूळ, वाणाचे प्लास्टिकचे डबे, आणि पितळी फुलदाणी. फुलदाणीत पांढरे गेंद.

मी जवळ गेले. वास आला. माझ्या कांद्याची फुलं. तिन्ही ओळी कापल्या होत्या, मुळापासून वीतभर दांडे उरले होते, त्यांतून पाणी गळत होतं.

"किती छान दिसतायत ना?" सत्यवतीबाई म्हणाल्या. "इकडं फुलं मिळतच नाहीत हो. हे म्हणाले होते कांदे उपटू नकोस, म्हणून मी कांदे नाही उपटले. फक्त फुलं घेतली."

त्यांनी मला हळद लावली, कुंकू लावलं. मी कपाळ पुढं केलं.  मग त्यांनी वाणाचा डबा माझ्या हातात दिला आणि मोठ्या आपुलकीनं माझा दंड धरला. "मंगलाबाई, एक विचारायचं होतं. आमच्या माळ्याला हे काही जमत नाही. तुम्हांला किती छान माहिती आहे सगळी! तुम्ही रोज येत जा ना इथं. तासभर. तुमच्या घरापुरती भाजी तुम्ही खुशाल घेऊन जायची. आमचं काही म्हणणं नाही."

माझ्या जमिनीत मी राबायचं आणि माझीच भाजी यांनी मला द्यायची. माझ्या आज्यानं खोताच्या वाड्यावर हेच ऐकलं होतं. त्याच्या कानाला ते शब्द कसे लागले असतील, ते मला त्या दिवशी कळलं. पायापासून डोक्यापर्यंत आग झाली. मी डबा टेबलावर ठेवला आणि सरळ बांधाकडं चालू लागले.

ओहोटी होती. फळी वर होती, चराचं पाणी शांतपणे बाहेर जात होतं. संध्याकाळी उधाण येणार होतं, दोन तासांनी फळी खाली सोडायची होती. मी दोन्ही हातांनी फळी खाचांतून वर ओढली. पूर्ण बाहेर काढली. डोक्यावर घेतली आणि त्या सगळ्या बायकांच्या मधून, सतरंज्यांवरून, ओल्या चिखलाच्या पायांनी घराकडं निघाले.

"अगंबाई, हे काय नेताय?" मागून कोणीतरी म्हणालं.

"माझं हाय," मी म्हटलं.

खोटं होतं ते. पण तेव्हा मला तेच खरं वाटत होतं. वाटेत मी मोठमोठ्यानं बोलत होते. घ्या म्हटलं समान संधी. घ्या म्हटलं सी व्ह्यू. लोक वळून बघत होते. मला इतकं हलकं वाटलं नव्हतं तीन महिन्यांत. घरी आले, फळी भिंतीला टेकवली, चहा केला आणि सावकाश, बशीत ओतून प्याले.

रावजीला त्या शुक्रवारी जादा ड्यूटी होती, तो आला तेव्हा सूर्य कलला होता. त्यानं फळीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"ही हितं कशी?"

मी सगळं सांगितलं. फुलांचं सांगितलं, कपाळ पुढं केल्याचं सांगितलं, भाजीचं सांगितलं. मला वाटलं, एकदा तरी हा माणूस चिडेल. तो खाली बसला आणि हळूच म्हणाला, "बरं केलंस. पण आज पुनव ना? मग खदिजाचा अठरा?"

मी समोरच्या दाराकडं पाहिलं. खदिजाच्या दाराला कुलूप होतं.

मला अठरा दिसलाच नव्हता. खरं सांगते, त्या बायकांच्या पायाखालची मेथीसुद्धा मी पाहिली होती, पण फळी काढताना माझ्या डोळ्यांपुढं फक्त सतरा होता. ज्या माणसानं जोळ बांधली, त्याच माणसानं बांध उघडा टाकला. आमच्या गावात असं केल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. दारू पिऊनसुद्धा कोणी केलेलं नाही.

फळी उचलून मी धावले. रावजी मागून धावला. फळी जड, खांदा सोलून निघाला. काठाला पोचलो तर सतरंज्या, टेबल, बायका कोणी नव्हतं, गाड्यांच्या चाकांच्या खुणा होत्या. सतरा नंबरात समुद्राचं पाणी. कापलेले दांडे पाण्यातून वर दिसत होते. आणि उघाडीच्या भोकात खदिजा बसलेली.

पाठ समुद्राकडं, दोन्ही पाय खांबांना टेकवलेले, मांडीवर चिखलानं भरलेलं पोतं, दोन्ही बाजूंना तिनं ओढणी आणि झावळ्या कोंबल्या होत्या. छातीपर्यंत पाणी. लाट आली की तिच्या डोक्यावरून जायची आणि ती तोंड मिटून घ्यायची. किती वेळ बसली होती कोण जाणे. ओठ काळेनिळे पडले होते. म्हातारा मुकादम आणि कोणी दोन बहरीनी गडी पाट्यांनी चिखल आणून टाकत होते. सनाबिसचं कोणी नव्हतं.

मी पुढं गेले. मला वाटलं ती शिव्या देईल. मला शिव्या हव्या होत्या.

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "फळी दे."

मी फळी खाचांत धरली, रावजीनं वरून ठोकली, खदिजा सरकत बाजूला झाली. पाणी थांबलं. अठराचा अर्धा भाग वाचला होता, चराकडचा अर्धा गेला होता. तिचे वांग्याचे सगळे वाफे त्यातच होते.

परत येताना मी तिला धरायला गेले तर तिनं हात बाजूला घेतला. दाराशी आल्यावर मात्र वळली. थंडीनं तिचे दात वाजत होते.

"राग बाळाजीचा होता ना तुला?" ती म्हणाली. "मंग पाणी माझ्याकडं कशाला धाडलंस?"

आणि तिनं दार लावून घेतलं. 

सत्यवतीबाईंनी महिन्याभरात सतरा सोडून दिला. तिथं काही उगवत नाही म्हणाल्या, बाकीच्या पाचांनीही तेच केलं. मंडळानं बलदियेला कळवलं की काठाची जमीन निकृष्ट आहे, आणि ते सहा तुकडे पुन्हा कोणालाच न देता पडून राहिले. बाळाजी साहेब पुढच्या वर्षीही सेक्रेटरी झाले, त्याच्या पुढच्याही. सभेत त्यांनी माझं नाव घेतलं, की काही लोकांच्या आडमुठेपणामुळं एक चांगला उपक्रम बारगळला. लोकांनी तेव्हाही टाळ्या वाजवल्या. या वेळी मी खाली बसले नाही. मी त्यांना पेढ्यापासून फुलदाणीपर्यंत सगळं सभेत ऐकवलं, रावजीनं पदर ओढला नाही, आणि आम्हांला मंडळातून काढलं. आईच्या बियांतला एकही दाणा उरला नाही. ती आता थकली आहे, तिच्याकडंही राहिला नाही.

खदिजा आठ महिने माझ्याशी बोलली नाही. समोरासमोरच्या दारांत राहून आठ महिने. मी तिच्या अठराचं मीठ धुवायला जायची, ती आली की निघून यायची. ऑक्टोबरात एका शुक्रवारी मी गेले तर तिनं अठराच्या मधोमध एक छोटा बांध घातलेला होता. वीतभर उंच, सरळ, दोरी धरून घातलेला.

"ह्या अंगाचा तुझा," ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "ह्या अंगाचा माझा. कागद एकच हाय, कोणाला विचारू नकोस."

मला रडू आलं. मी म्हटलं, "आणि पाळी? एक आठवडा तुझा, एक माझा?"

खदिजा उठली. उघाडीपाशी गेली, ओहोटी लागलेली होती, फळी तिनं खाचांतून वर काढली आणि काखेत धरली.

"पाळी नाय," ती म्हणाली. "फळी माझ्या घरी राहील."

तेव्हापासून आम्ही दोघी तिथं भाजी करतो. वांगी येतात, मेथी येते, ईद आणि संक्रांत एकाच चुलीवर होते. भरतीला फळी तीच बसवते, ओहोटीला तीच काढून नेते. फळी अजून तिच्याच घरी असते, खाटेखाली, आणि ती बाहेर गेली की दाराला कुलूप असतं.